विशिष्ट सापेक्षतेवरचा गेम: नवी कोडी सुचवा, गाडी अडली आहे

तिरपा अक्ष (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस फावल्या वेळात एक गेम बनवतो आहे. वरून दिसणारा साधा द्विमितीय गेम, नायक म्हणजे एक ठिपका. या जगात प्रकाशाचा वेग इतका कमी ठेवलाय की ठिपका जरा जोरात पळाला की विशिष्ट सापेक्षतेचे (आइन्स्टाइनच्या सिद्धांतातले, वेगामुळे लांबी आणि वेळ बदलण्याचे) परिणाम डोळ्यांसमोर घडायला लागतात. अंतरं प्रकाशसेकंदांत (प्रकाश एका सेकंदात जेवढा जातो तेवढं अंतर) मोजतो, म्हणजे प्रकाशवेग १ धरला की हिशोब सोपे.

आत्तापर्यंत झालेली कोडी: आगीचा पट्टा पार करणे (वेगात गेलं की पट्टा नायकाला आखूड, म्हणून भाजणं कमी), ठरावीक वेळाने बंद होणारं दार गाठणे, आणि लाल दिवा समोरून येताना हिरवा दिसेल इतक्या वेगाने पळणे. दोनचार मित्रांना खेळायला दिलं. एकाने सरळ सांगितलं, "सगळ्या लेव्हलचं उत्तर एकच आहे, जोरात पळ." बोलणंच खुंटलं. लांबी आखडो, घड्याळ मंदावो की रंग बदलो, खेळणाऱ्याच्या हाताला लागतं ते एकच बटण.

तर प्रश्न असा, की 'वेग वाढवा' याखेरीज सापेक्षतेतून कोड्याची मेकॅनिक्स (खेळण्याच्या युक्त्या) काय काय निघू शकतात? माझ्या डोक्यात एक आहे: फ्रेम (कोणाबरोबर चालत राहून जग मोजायचं ती चौकट) बदलायचं बटण. दाबलं की जग चालत्या गाडीच्या फ्रेममधून दिसेल, दारं उघडण्याचा क्रम उलटेल, आणि त्या फ्रेममध्ये जे दार उघडं असेल त्यातून नायक निसटेल. कसं वाटतं?


नुसताच वाचक

कसं वाटतं ते कोणत्या फ्रेममधून सांगू?

(पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय. चालू द्या.)


वेंधळा वेक्टर

ते बटण कृपया नको.

नायक चौकटीत असताना दार उघडं होतं की बंद, याचं उत्तर सगळ्या फ्रेममध्ये एकच येतं. एकाच जागी एकाच क्षणी घडलेल्या दोन गोष्टींवर निरीक्षकांचं दुमत होत नाही. दुमत होतं ते एकमेकांपासून लांब घडलेल्या घटनांच्या क्रमावर, आणि तेसुद्धा एकीपासून दुसरीपर्यंत प्रकाश पोचू शकत नसेल तरच. तुमच्या बटणाने डावीकडचं दार आधी उघडलं की उजवीकडचं, हे बदलेल. नायकाच्या नाकासमोरचं दार आहे तसंच राहील. बटण दाबून तो सुटला तर गेम सापेक्षतेवरचा राहिला नाही, जादूवरचा झाला.

कुलूप नेहमी अशा गोष्टीवर लावा जी कोणीही मोजली तरी तीच येते. अशा कामाच्या गोष्टी मला दोन दिसतात. नायकाच्या, किंवा त्याने हातात धरलेल्या वस्तूच्या, स्वतःच्या घड्याळात किती वेळ गेला ही एक. कुठून निघालेला प्रकाश कुठे पोचतो ही दुसरी. लांबी किती, आधी काय घडलं, कोणाचं घड्याळ हळू, हे सगळं मोजणाऱ्यागणिक बदलतं. चित्रात ते जरूर दाखवा, पण किल्ली त्याची करू नका.

तुमचं आगीच्या पट्ट्याचं कोडं या कसोटीला उतरतं, बरं का. भाजणं नायकाच्या घड्याळाप्रमाणे मोजलं तर जमिनीवरचा म्हणेल "त्याचं घड्याळ हळू चाललं", नायक म्हणेल "पट्टाच आखूड होता", आणि भाजण्याचा आकडा दोघांचा एकच येईल.


माऊसतोड

पूर्ण असहमत. गेममध्ये उडी मारल्यावर हवेतल्या हवेत दिशा बदलता येते, तेव्हा न्यूटनला कोणी विचारलं होतं? फ्रेमचं बटण दिसायला भन्नाट आहे आणि हाताला मजा देणारं आहे. खेळाडूला मजा आली पाहिजे, परीक्षकाला नव्हे. तिरपा अक्ष, तुम्ही बटण ठेवा. ज्यांना काटेकोर सापेक्षता हवी ते पुस्तक उघडतील.


प्रकाशवर्षा

@माऊसतोड, हवेत दिशा बदलणं चालतं कारण तो गेम हवेबद्दल नसतो. इथे विषयच सापेक्षता आहे. विषयालाच सूट दिली तर खेळाडू बाकीच्या लेव्हलवर तरी विश्वास का ठेवेल? कोड्यात खेळाडू नियमांवरून तर्क करतो. नियम मध्येच वाकला की तर्क सोडून तो सगळी बटणं दाबून बघायला लागतो.

पण बटण फेकून द्यावं असंही मला वाटत नाही. ते चष्म्यासारखं वापरा. दाबल्याने जगात काहीच बदलत नाही, फक्त तीच घडामोड दुसरीकडून दिसते. आणि कोडी अशी रचा की एका बाजूने बघितलं तर अशक्य वाटेल, दुसऱ्या बाजूने बघताच उत्तर दिसेल. उदाहरण देते. भिंतीत ८ प्रकाशसेकंदांची फट आहे. नायकाकडे १० लांबीची फळी आहे आणि ती फटीतून पलीकडे न्यायची आहे. नायक फळी घेऊन भिंतीला समांतर ०.८ वेगाने धावतो आणि हळूच भिंतीकडे सरकतो. भिंतीच्या फ्रेममध्ये फळी ६ ची झाली, आरामात आरपार.


कोडेबहाद्दर

थांबा थांबा. फळीबरोबर धावणाऱ्याच्या दृष्टीने फळी १० चीच आहे आणि फट ४.८ ची झाली. १० ची फळी ४.८ च्या फटीतून जाते कशी? आता चष्मा फिरवल्यावर उत्तर दिसायच्या ऐवजी गायब झालं की!


प्रकाशवर्षा

म्हणून तर हे कोडं मला आवडतं. भिंतीच्या फ्रेममध्ये फळीचे सगळे बिंदू एकाच क्षणी भिंत ओलांडतात. फळीच्या फ्रेममध्ये तो 'एकच क्षण' राहत नाही, पुढच्या टोकाची वेळ आधी येते आणि मागच्याची नंतर. म्हणजे फळीवरून बघताना भिंत समांतर नसतेच, तिरकी होऊन अंगावर येते. आधी पुढचं टोक फटीत शिरतं, मग फट तिरकी सरकत मागे जाते, शेवटी मागचं टोक निघतं. १० ची फळी ४.८ च्या फटीतून तिरकी निसटते.

हे ॲनिमेशनमध्ये बघायला मिळालं तर मी गेमचे पैसे देईन.


नुसताच वाचक

आमच्याकडे सोफा जिन्यावरून वर नेताना हेच झालं होतं, फक्त वेग कमी होता.


घड्याळजी

मूळ प्रश्नावर येतो. धागाकर्त्यांना क्रमाचं कोडं हवं आहे आणि वेंधळा वेक्टर यांना सगळ्यांना मान्य असलेलं कुलूप हवं आहे. दोन्ही एकदम होतं.

एक फलाट घ्या, १० प्रकाशसेकंद लांब, जमिनीवरून ०.६ वेगाने उजवीकडे सरकणारा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बटण आणि बरोबर मध्यावर एक डोळा. बटण दाबलं की तिथून प्रकाशाची चमक डोळ्याकडे निघते. दोन्ही चमका एकदम पोचल्या तरच कुलूप उघडतं. चमका एकदम पोचणं ही एकाच जागची घटना, तिच्यावर वाद नाही. पण त्यासाठी बटणं कधी दाबायची? फलाटाच्या घड्याळाप्रमाणे दोन्ही एकाच वेळी. जमिनीवरच्या घड्याळाप्रमाणे मागचं बटण आधी आणि पुढचं ७.५ सेकंदांनी. फलाट जमिनीवरून ८ लांबीचा दिसतो, आणि त्या ७.५ सेकंदांत पुढचं बटण आणखी ४.५ पुढे सरकलेलं असतं, म्हणजे दोन दाबण्यांमधलं अंतर १२.५. खेळाडू साहजिकच आधी दोन्ही एकदम दाबून बघणार आणि कुलूप ढिम्म हलणार नाही. इथे वेग वाढवून काडीचा उपयोग नाही.


माऊसतोड

घड्याळजी, छान आहे, पण एकटा नायक ७.५ सेकंदांत १२.५ अंतर कापणार कसा? प्रकाशाला मागे टाकून?


घड्याळजी

बरोबर पकडलंत, आणि कोडं तिथेच सुरू होतं. एकट्याने पळून हे कधीच जमणार नाही, कारण फलाटावर एकाच वेळी घडणाऱ्या दोन लांबच्या घटनांना एक माणूस हजर राहूच शकत नाही. नायकाने आपल्याऐवजी दुसरं काहीतरी पाठवायला हवं. त्याच्याकडे दिवा आहे असं धरा आणि बटणं प्रकाशाने दाबली जातात असं ठेवा. नायक जमिनीवर स्वस्थ उभा राहतो आणि फलाटाचा मध्य बरोबर समोर आला की दोन्हीकडे एकदम चमक सोडतो. जमिनीवरून हिशोब करा: मागचं टोक चमकेच्या दिशेने येतंय, ४ भागिले १.६ म्हणजे २.५ सेकंदांत गाठ पडते. पुढचं टोक पळतंय, ४ भागिले ०.४ म्हणजे १० सेकंद. फरक ७.५. ७.५ हा आकडा कुठे न लिहिता खेळाडू तो साधून जातो.

पुढच्या लेव्हलमध्ये समोरच जमिनीवर एक भिंत उभी करा, म्हणजे मध्य पकडता येणार नाही आणि आरसे लावावे लागतील.


तिरपा अक्ष

घड्याळजी, दंडवत. हे आज रात्रीच करून बघतो.

एक शंका. ०.६, ०.८ हे आकडे सगळेच वापरताय, ते हिशोब सरळ येतात म्हणून ना?


घड्याळजी

हो. ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. ०.६ ला गॅमा (घड्याळ किती पट मंदावतं तो आकडा) १.२५ आणि ०.८ ला ५/३. तसाच ५-१२-१३ घेतला तर १२/१३ वेगाला गॅमा २.६. लेव्हल रचताना असे वेग धरले की दाराचे टाइमर पूर्णांकांत किंवा सोप्या अपूर्णांकांत बसतात आणि खेळाडूला आपण नक्की चुकलो कुठे ते कळतं. ०.९९ ला गॅमा ७.०९ येतो, त्यात कोणाला रस?


खिडकीतली

रंगांच्या कोड्याबद्दल लिहायला आले. मला लाल-हिरवा फरक कळत नाही. घरात मी एकटीच अशी नाही, भाऊही तसाच. म्हणजे तिसरं कोडं आमच्यासाठी अंदाजपंचे. रंगावरचं कोडं ठेवाच, पण त्याला दुसरी खूण द्या.

शिवाय रंग फार लवकर संपतात. दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. समोरून ०.६ वेगाने गेलात की तरंगलांबी निम्मी होते, म्हणजे सगळा दिसणारा प्रकाश अतिनीलमध्ये गेला. लाल ६५० चा हिरवा ५२० व्हायला जेमतेम ०.२२ वेग लागतो. म्हणजे रंगांचा खेळ प्रकाशवेगाच्या साधारण निम्म्यापर्यंतच आटोपतो आणि खरी गंमत सुरू होते त्याच्या पुढे.

त्याऐवजी लुकलुकणं वापरा. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. ०.६ ने त्याच्याकडे गेलात की सेकंदाला दोनदा, लांब गेलात की दोन सेकंदांत एकदा. लय ऐकवताही येते, टिक टिक. कुलूप विशिष्ट लयीवर उघडतं. डोळे मिटूनही खेळता येईल.


वेंधळा वेक्टर

खिडकीतली यांच्या सूचनेला माझे शंभर गुण. आणि यातूनच एक सुंदर मेकॅनिक बाहेर येतं, कोणाच्या लक्षात आलं का?

०.६ ला लय दुप्पट. ०.८ ला तिप्पट. १२/१३ ला पाचपट. आता ०.६ ने चालणाऱ्या गाडीवरून पुढे आणखी ०.६ ने झेप घेतली तर वेग १.२ होत नाही, १५/१७ होतो, सुमारे ०.८८. भयंकर अपूर्णांक. पण लय बघा: १५/१७ ला बरोबर चौपट. दोन गुणिले दोन! ०.६ वर ०.८ ची झेप घेतली की ३५/३७, आणि लय सहापट. वेगांची बेरीज कटकटीची आहे, लयीचा मात्र गुणाकार होतो.

म्हणजे जमिनीवर 'दुप्पट', 'तिप्पट', 'निम्मे' अशा फरश्या टाका. नायक फरशीवरून गेला की त्याला तेवढा धक्का मिळतो. पुढच्या दाराला हवी लय १२. खेळाडू शोधणार: दुप्पट, दुप्पट, तिप्पट. एक सूत्र न सांगता त्याला कळेल की गुणाकार कितीही केला तरी वेग १ ला पोचत नाही. सरळ रेषेत धक्क्यांचा क्रमही कसाही चालतो.


कोडेबहाद्दर

"सरळ रेषेत" हा शब्दप्रयोग मुद्दाम केलात ना?

कारण वळलं की क्रम चालत नाही! उजवीकडे ०.८ चा धक्का आणि मग नायकाच्या स्वतःच्या फ्रेममध्ये वरच्या दिशेने ०.८ चा धक्का द्या. जमिनीवरून बघता उजवीकडचा वेग ०.८ राहतो, वरचा फक्त ०.४८. एकूण ०.९३, दिशा उजव्या रेषेपासून ३१ अंश. आता क्रम उलटा करा: वेग तोच ०.९३, पण दिशा ५९ अंश. तेच दोन धक्के, क्रम वेगळा, २८ अंशांचा फरक. आणि नायकाने यात कुठेही गिरकी न घेता त्याचं नाक तेवढंच फिरलेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यांनी १९२६ मध्ये इलेक्ट्रॉनच्या हिशोबात जे परांचन (फिरणाऱ्या वस्तूचा अक्षच हळूहळू वळत जाणं) आणलं त्याच्या मुळाशी हेच आहे.

कोडं: दोन फरश्या, एक दार. कोणती आधी?

आणि ठिपक्याला नाक द्या हो. गोल ठिपका फिरला तर कळणार कसं?


नुसताच वाचक

'ठिपक्याला नाक द्या'. गेमचं नाव मिळालं.


अश्मक

मी फारसा लिहीत नाही, पण वेंधळा वेक्टर यांच्या पहिल्या मुद्द्यावरून (स्वतःच्या घड्याळातला वेळ) एक लेव्हल सुचली.

नायकाच्या हातात सुरुंग, त्याची वात लेव्हल सुरू होताच पेटते आणि ५ सेकंदांत संपते. सेकंद अर्थात वातीच्या स्वतःच्या घड्याळाचे. सुरुंग १२ प्रकाशसेकंद लांबच्या दारापर्यंत न्यायचा आहे. नेहमीच्या डोक्याने १२ अंतर ५ सेकंदांत अशक्य. पण १२/१३ वेगाने गेलं तर जमिनीची १३ सेकंदं लागतात आणि वातीची फक्त ५. झालं, पोचला. इथपर्यंत पुन्हा 'जोरात पळ'च.

आता पिळ घालू. दार जमिनीच्या घड्याळाप्रमाणे २० व्या सेकंदाला उघडतं. १३ व्या सेकंदाला पोचून दारात उभं राहिलं की वात संपली, खेळ खलास. २० सेकंद वाट बघायची आहे आणि जवळ ५ च आहेत. उपाय एकच, थांबायचं नाही. येरझाऱ्या घालत राहायचं. पण १२/१३ नेसुद्धा २० सेकंदांत वातीचे ७.७ जातात, जास्तच. गॅमा ४ च्या वर हवा. वेंधळा वेक्टर यांच्या फरश्या घ्या: दोनदा तिप्पट म्हणजे नऊपट, वेग ४०/४१, गॅमा ४.५६. २० सेकंदांत वात जळते ४.४. जमलं.

माझ्या मते गंमत अशी की बाकी गेममध्ये वाट बघायची म्हणजे उभं राहायचं. इथे जो उभा राहिला तो म्हातारा झाला.


नुसताच वाचक

म्युऑन (वातावरणात वर तयार होणारे अल्पायुषी कण) ही लेव्हल रोज खेळतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, प्रकाशवेगानेही त्यात ६६० मीटरच होतात. तरी १५ किलोमीटर वरून निघून जमिनीवर येऊन धडकतात. आणि बक्षीस काही नाही.


माऊसतोड

अश्मक, ही लेव्हल मला आवडली, आणि मला आवडली म्हणजे खरंच आवडली असणार. सूत्र माहीत नसलेला माणूसही वात कमी जळताना बघेल आणि स्वतःच समजून घेईल.

पण आता व्यवहाराचं बोलतो. येरझारा घालताना नायक वळणार. वळला की त्याची फ्रेम बदलली. तिरपा अक्ष, तुमचा गेम जग 'नायकाच्या आत्ता'प्रमाणे दाखवतो की त्याच्या डोळ्यात पोचलेल्या प्रकाशाप्रमाणे?


तिरपा अक्ष

आत्ता तरी पहिलं. नायकाच्या फ्रेममध्ये जे 'आत्ता' चालू आहे ते. आणि हो, वळलं की लांबची घड्याळं एकदम उड्या मारतात. मागे असलेले राक्षस तर उलटे चालायला लागतात. तो बग समजून शोधत बसलो होतो.


वेंधळा वेक्टर

बग नव्हे तो, चित्र जे सांगतंय ते बरोबरच आहे. तुम्ही एखाद्या गोष्टीकडे पाठ करून वेग वाढवलात की तिथलं तुमचं 'आत्ता' मागे सरकतं. पण खेळाडूला हे बघून वाटेल की मेलेला राक्षस जिवंत झाला. असं 'आत्ता' कोणाला दिसत नसतं, ते नंतर हिशोब करून काढायचं असतं. दाखवा ते जे डोळ्यांना दिसतं: प्रकाश निघाला तेव्हा वस्तू जिथे होती तिथे. मग कितीही गरगर वळा, उलटं काही चालत नाही, फक्त लय बदलते.

त्यासाठी प्रत्येक वस्तूचा इतिहास साठवा, कधी कुठे होती याची रांग. पडद्यावरच्या दर चित्राला त्या रांगेत असा क्षण शोधा की तिथून निघालेला प्रकाश बरोबर आत्ता नायकापाशी पोचेल. वस्तू प्रकाशाहून हळू चालत असेल तर असा क्षण एकच सापडतो, त्यामुळे रांगेत दुभागत शोध घेतला की भागतं.


खिडकीतली

आणि एवढं केलंत की फुकटात आणखी एक मेकॅनिक मिळतं. लांबचं दार उघडं *दिसतंय* म्हणजे उघडं *आहे* असं नाही. खेळाडूला दाराचं वेळापत्रक ओळखून, दिसतंय त्याच्या पुढचा अंदाज बांधून निघावं लागेल. इथे वेग न वाढवताही कोडं होतं, उभं राहून.

२०१२ मध्ये एमआयटी गेम लॅबने 'अ स्लोअर स्पीड ऑफ लाइट' काढला होता, गोळे वेचायचे आणि दर गोळ्यागणिक प्रकाश आणखी हळू होत जायचा. त्यात डोळ्यांना जे दिसेल तेच दाखवलं आहे, रंग फिरतात, इमारती वाकतात. युनिटी या गेम बनवायच्या साधनासाठीची त्यांची ओपनरिलेटिव्हिटी ही संहिताही (कोड) खुली आहे. बघायला अप्रतिम. पण तिथे कोडी नाहीत, वेचत फिरायचं. कोड्यांची जागा रिकामी आहे असं माझं मत.


कोडेबहाद्दर

डोळ्यांना जे दिसतं ते दाखवायचं तर मग लांबीचा संकोच दिसणारच नाही की! १९५९ मध्ये पेनरोज आणि टेरेल या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं होतं ना, की वेगात जाणारा गोल डोळ्याला गोलच दिसतो, छोटी वस्तू आखडलेली न दिसता वळल्यासारखी दिसते. प्रकाशवर्षाताईंच्या फळीचं काय?


प्रकाशवर्षा

फळी चष्म्यातून बघायची. म्हणून तर चष्मा हवा म्हटलं. नेहमीचं चित्र डोळ्यांचं, बटण दाबून धरलं की खेळ थांबतो आणि मोजलेलं चित्र दिसतं, सोडलं की परत डोळे. खेळ थांबलेला असल्यामुळे तिरपा अक्ष यांचे उलटे चालणारे राक्षसही त्रास देणार नाहीत.


घड्याळजी

अजून एक. मागून प्रकाशाचा झोत येतोय, लागला की मृत्यू. नायक त्याच्यापुढे ५ प्रकाशसेकंदांवर, थांबलेला. प्रकाशापासून पळून सुटता येईल का? येतं! स्वतःला जाणवणारं त्वरण कायम, सेकंदाला १/५ प्रकाशवेग ठेवलं तर झोत कधीच गाठत नाही. अंतर निम्मं, पाव, पावाचं पाव होत जातं, शून्य होत नाही. त्वरण सोडलं की गेला.


माऊसतोड

आणि नकाशा किती लांब?


घड्याळजी

नायकाच्या घड्याळाच्या १० सेकंदांत सुमारे १४ प्रकाशसेकंद, २० मध्ये १३२, ३० मध्ये हजाराच्या वर.


माऊसतोड

मग दहा सेकंदांत मागचं दार लावून घ्या, नाहीतर माझा लॅपटॉप झोताआधी जळेल.


तिरपा अक्ष

सगळ्यांचे आभार. मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातला असं वाटत होतं, पण मध बराच निघाला.

ठरवलंय ते असं. चित्र आता डोळ्यांना दिसेल तसं, इतिहासाची रांग लिहायला घेतली आहे. फ्रेमचं बटण चष्मा म्हणून, खेळ थांबवून. सातवी लेव्हल फलाट आणि डोळा (काल केली, ७.५ चा फरक न सांगता साधला जातो ते बघून मीच टाळी वाजवली). आठवीपासून लयीच्या फरश्या, टिक टिक आवाजासकट. रंगाचं कुलूप काढलं, रंग फक्त शोभेला. वळणाच्या फरश्या शेवटाकडे, नाक आजच दिलं. झोताची लेव्हल घ्यायची, पण दार लवकर लागेल. अश्मक यांची वात नववी, त्यात थोडा बदल आहे: वात कधी पेटवायची ते खेळाडूने ठरवायचं.


कोडेबहाद्दर

तो बदल करू नका! वात आपल्या हातात असेल तर येरझाऱ्या कशाला? दुप्पट आणि तिप्पट या दोन फरश्या घेतल्या की वेग ३५/३७. १२ अंतराला जमिनीचे १२.७ सेकंद, वातीचे ४.१. मी ७ सेकंद निवांत उभा राहीन, मग वात पेटवून निघेन आणि दार उघडायच्या किंचित आधी पोचेन. उरलेल्या ०.३ सेकंदांत वात संपत नाही. अश्मक यांचा सगळा पिळ निघून गेला.


अश्मक

हा मार्गही मला मान्य आहे, पण लेव्हल वेगळी होते. वात सुरुवातीलाच पेटलेली हवी, नाहीतर उभा राहणारा जिंकतो.


तिरपा अक्ष

मग दोन्ही ठेवतो. नववीत वात हातात, दहावीत आधीच पेटलेली. नववी उभं राहून जिंकलेला माणूस दहावीतही आधी उभाच राहील.


माऊसतोड

लिंक टाका की आता.